फळ्यावरचं आभारपत्र

वाचक ताईंचं पत्र:

मावशी, सादर नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. माझं आणि गावाचं नाव छापू नका. सहा वर्षांआधी मुलाचे बाबा गेले. दोन एकर कोरडवाहू वावर आहे, ते माझा भाऊ पाहतो. मी निंदणाला, कापूस वेचायला रोजानं जाते. मुलगा नववीत आहे.

आमच्याकडे एक संस्था काम करते. तिच्यामार्फत बाहेर देशातली एक बाई चौथीपासून माझ्या पोराच्या शिक्षणाचा खर्च करते. फी, वह्या, दप्तर, आणि दर थंडीत एक खोकं येतं. त्यात साबण, ब्रश, रंगाच्या पेन्सिली असतात. मागच्या साली लोकरीची टोपी अन् हातमोजे आले. मोजे पोराला फार मोठे झाले, म्हणून माझा भाऊ रात्री जागलीला घालून जातो.

दिवाळीनंतर मदत मिळणाऱ्या सगळ्या बावीस पोरांना आभाराचं पत्र लिहावं लागतं. संस्थेचे सर फळ्यावर लिहून देतात, पोरं उतरवून घेतात. यंदा फळ्यावर होतं, ‘तुम्ही पाठवलेली भेट मला फार आवडली, मी ती रोज वापरतो.’ माझं पोट्टं म्हणालं, मले नाही लिहाचं. सरांनी सगळ्यांसमोर कारण विचारलं तर म्हणे, मी काय भिकारी आहो काय? मला बोलावणं आलं. मावशी, माझी मान खाली गेली. घरी येऊन मी त्याला दोन थापडा मारल्या. तो रडला नाही, जेवलाही नाही.

शेजारची पोरगी सांगते की शाळेत त्याला ‘फुकट्या’ म्हणतात. २६ जानेवारीला स्टेजवर नावं पुकारून दप्तरं वाटली, तेव्हापासून.

मला दोन भीती आहेत. मदत बंद झाली तर त्याची दहावी कशी होईल? आणि माझं पोरगं कृतघ्न निघालं का? मला तर वाटतं त्या बाईला एक गोधडी शिवून पाठवावी अन् घरची तूरडाळ. चालेल का?

त्या बाईचा फोटो एका खोक्यात आला होता. तो मात्र पोरानं प्लास्टिकमध्ये घालून दप्तरात ठेवला आहे. ती बर्फात उभी आहे. मला विचारतो, एवढ्या बर्फात तिची गुरं काय खात असतील.

---

पोरी,

कागदावर जागा उरली म्हणून लिहाव्यात, तशा शेवटच्या चार ओळी तू लिहिल्या आहेस. फोटो, प्लास्टिक, बर्फ आणि गुरं. मी उत्तर तिथूनच सुरू करते, कारण तुझ्या दुसऱ्या भीतीचं उत्तर तुझ्याच हातानं तिथं लिहून झालं आहे.

कृतघ्न पोरगं फोटो जपत नाही. पावसात भिजू नये म्हणून त्याला प्लास्टिक लावत नाही. आणि जिला कधी पाहिलं नाही, तिच्या गोठ्यात वैरण पुरते की नाही याचा घोर तर मुळीच करत नाही. शेतकऱ्याच्या घरचं लेकरू आहे ते. माणूस म्हटलं की त्याला आधी त्याची गुरंढोरं आठवतात. त्याच्या मनात त्या बाईला घर आहे, गोठा आहे, कडक हिवाळा आहे. जाणीव यालाच म्हणतात. ती त्याच्या दप्तरात आहे, रोज शाळेत जाते आणि घरी परत येते.

मग पत्र का लिहीत नाही? फळ्यावरचं ते वाक्य पुन्हा एकदा वाच बरं. ‘भेट फार आवडली, मी ती रोज वापरतो.’ मोजे तर मामा वापरतो! हे तुझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे ज्या बाईचा त्याला मनापासून आदर वाटतो, तिलाच त्यानं खोटं लिहावं, तेही बावीस पोरांनी एकसारख्या शब्दांत उतरवलेलं. चौदा वर्षांच्या मुलाला खोट्याचा वास फार लवकर येतो. तो अडला, कारण त्या बाईचं त्याच्या लेखी काही मोल आहे. मोल नसतं तर दोन मिनिटांत उतरवून मोकळा झाला असता आणि खेळायला पळाला असता.

आता ‘भिकारी’ या शब्दाकडं येते. तो शब्द पत्रामुळं आलेला नाही, स्टेजवरून आला आहे. आणि याबद्दल मला स्वतःची गोष्ट सांगावीच लागेल.

१९७२-७३ च्या दुष्काळात मी तिसरी-चौथीत होते. शाळेत बाहेर देशातून आलेल्या दुधाच्या पावडरीचं दूध मिळायचं आणि दलिया शिजायचा. दलियाच्या कापडी पोत्यांवर एकमेकांत धरलेल्या दोन हातांचं चित्र छापलेलं असायचं. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तीही तिकडचीच. दलियाचं पोतं धुऊन माझ्या आईनं मला शाळेची पिशवी शिवली होती. पिशवीच्या बरोबर मधोमध ते दोन हात. मला ती पिशवी फार आवडायची. दुधाचं म्हणशील तर आमचे गुरुजी सगळ्या वर्गाला ओळीनं बसवायचे, प्रत्येकाचा घरचा पेला समोर, आणि बादलीतून वगराळ्यानं वाढत जायचे. माझ्या शेजारी पाटलांची मुलगी बसायची, तिच्या पेल्यातही तेच दूध. कुणाच्या घरी चूल पेटली आणि कुणाच्या नाही, हे त्या ओळीत बसल्यावर कळायचं नाही. पंगतच होती ती. पंगतीत बसलेल्याला कुणी फुकट्या म्हणत नाही.

एकदा मात्र शहरातून पाहुणे आले. त्या दिवशी ओळ मोडली. ज्यांचे आईबाप रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात होते, तेवढ्या पोरांना पुढं काढलं. हातात भरलेले पेले दिले, फोटो निघाला, आणि आमच्याकडून एका सुरात ‘थँक्यू’ म्हणवून घेतलं. त्या शब्दाचा अर्थही आम्हाला ठाऊक नव्हता. दूध तेच, पावडर तीच, पेलाही माझाच. पण ते दूध माझ्या घशाखाली उतरलं नाही. घरी जाताना मी पिशवी उलटी धरली होती, ते हात दिसू नयेत म्हणून.

पन्नास वर्षं झाली. पंगतीतल्या दुधाची गोडी मला अजून आठवते आणि ज्यांनी ते पाठवलं त्यांच्याविषयी माझ्या मनात माया आहे. फोटोच्या दिवशीचा पेला आठवला की आजही कसंसंच होतं. म्हणून तुझ्या मुलाचं म्हणणं मला पहिल्या वाचनातच कळलं.

तान्ह्या पोळ्याला तुझा मुलगा लाकडी नंदी सजवून घरोघर गेलाच असेल. कुणी दोन रुपये दिले, कुणी दहा, कुणी हातावर खाऊ ठेवला. तो बोजारा घेताना तो लाजला होता का? उलट मोजत मोजत घरी आला असेल. कारण त्या दिवशी गावातलं प्रत्येक लेकरू दारात येतं आणि प्रत्येक घर काही ना काही देतं. ‘गरिबाच्या पोरानं पुढं यावं’ असं माइकवरून कुणी पुकारत नाही. घेण्यात कमीपणा असतो, असं तुझ्या मुलाला कधी वाटलं नव्हतं. ते त्याला २६ जानेवारीला शिकवलं गेलं.

आता एक गोष्ट आजच कर. बाकी सगळं नंतर. त्याला जवळ बसव आणि सांग, ‘बाळा, मी मारलं ते चुकलं माझं.’ एवढंच. पुढं ‘पण तूही...’ असं काही जोडू नकोस. तू घाबरलीस, दहावीची फी तुझ्या डोळ्यांसमोर नाचली, चारचौघांत मान खाली गेली आणि हात उठला. एकट्या बाईच्या जिवाला काय काय लागतं ते मला समजतं. तरी मार त्याला खरं बोलल्याबद्दल बसला आहे, हे त्याच्या मनात राहायला नको.

पोरगं आभार मानत नाही म्हणून जिवाला लागतं, तेव्हा मी कापसाकडं बघते. तू वेचणारी आहेस, तुला मी काय सांगावं? बोंड आपल्या वेळेला फुटलं की कापूस पाकळीतून आपसूक हातात येतो. घाईनं कच्चं बोंड हातानं फोडलं तर आत कवडी निघते, पिवळी, चिकटलेली. वजनाला भरते, भावाला नाही. लेकरांकडून जबरीनं काढलेले आभार मला त्या कवडीसारखे वाटतात.

आणि वेळ किती लागू शकतो, त्याचं एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधल्या हजारो कुटुंबांना रशियानं सैबेरियाकडं हाकललं होतं. तिथून जीव वाचवून बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण, त्यांत बहुतेक बाया आणि लेकरं, १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत राहिले. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच असं सगळं तिथं उभं राहिलं. तिकडं गुजरातेत जामनगरच्या महाराजांनी, जामसाहेबांनीही बालाचडीला शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला. १९४८ पर्यंत वळिवड्याची छावणी रिकामी झाली आणि ती लेकरं जगभर पांगली. म्हणजे परक्या देशातल्या अडलेल्या लेकरांना देणारे कधीकाळी आपणही होतो, तेही स्वतः पारतंत्र्यात असताना. हे तुझ्या मुलाला जरूर सांग. घेणारा देश आणि देणारा देश अशी कायमची वाटणी कुठं झालेली नाही.

त्या पोलिश लेकरांच्या मनात कोल्हापूर राहिलं. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे आणि जामसाहेबांच्या आठवणीत ‘भल्या महाराजांचा’ चौक आहे. छावणीत वाढलेली ती मुलं पार म्हातारी झाल्यावर, २०१९ साली, पुन्हा कोल्हापूरला येऊन गेली. सत्तर वर्षांनी. तुझा मुलगा तर अजून नववीत आहे.

तू म्हणशील, मावशी, तोवर उपकार डोक्यावरच राहणार का? उपकार फेडायचे कसे, हे आपल्या विदर्भात गाडगेबाबांनी दाखवून ठेवलं आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा. रस्ता झाडायचा, नाली साफ करायची, मग कुणी दिलेली भाकरी खायची. लोकांनी कीर्तनात दिलेल्या पैशांतून धर्मशाळा, शाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी त्यांनी गाडगं आणि चिंध्या एवढंच ठेवलं. भाकरी एका घरची खाल्ली आणि झाडलं सगळं गाव. ज्यानं दिलं त्यालाच परत करायचं, असा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. तुझ्या मुलानं त्या बाईचं देणं फेडायचं असेल तर ते समुद्रापलीकडं जाणार नाही, जायला नकोच. शेजारच्या पोरीला गणित शिकवलं, लहान झालेलं दप्तर चौथीतल्या कुणाला गुपचूप दिलं, की झालं. आणि हे त्याला उपदेश म्हणून सांगू नकोस. दप्तर लहान झालं की विचार, ‘हे कोणाला देशील?’ त्याला आपोआप सुचेल.

आता मदतीच्या भीतीबद्दल. ती खरी आहे, तिला मी हलकं म्हणणार नाही.

संस्थेत एकटी जाऊ नकोस, भावाला सोबत ने. सरांना शांतपणे विचार: पत्र न लिहिल्यास मदत थांबते असा नियम आहे का? असेल तर लेखी दाखवा. बहुतेक वेळा असं दिसतं की वर्षातून एकदा मुलाची खबर पोचावी एवढीच अपेक्षा असते, आणि खाली येता येता तिचं फळ्यावरचं वाक्य होतं. दुसरं म्हणजे, परदेशी देणगीचा व्यवहार कुणाच्या मर्जीवर चालत नाही. २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावा लागतो, संस्थेच्या कारभारावर त्यातला २० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही, आणि दरवर्षी सरकारला हिशेब द्यावा लागतो. म्हणून प्रश्न विचारताना आपण काही चुकीचं करतोय असं वाटून घेऊ नकोस. फोटोला नाही म्हणण्याचाही तुला अधिकार आहे. आणि पुढच्या वर्षी दप्तरं सगळ्यांदेखत नावं पुकारून देऊ नका, घरपोच किंवा वर्गात गुपचूप द्या, एवढी विनंती जरूर कर. सर वाईट असतील असं मी म्हणत नाही. बावीस पत्रं वेळेत पाठवायची असली की माणूस फळा वापरतो. पण कुणीतरी सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

आणि हे फार महत्त्वाचं: बालसंगोपन योजनेचा अर्ज केला आहेस का? पत्रात तसं काही दिसलं नाही. वडील किंवा आई गमावलेल्या, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ही महाराष्ट्र सरकारची योजना आहे. दरमहा २,२५० रुपये मिळतात. वर्ध्याला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा, बालकल्याण समिती आदेश काढते. वडिलांचा मृत्यूचा दाखला, मायलेकांची आधार कार्डं, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक एवढं सोबत ठेव. आणखी काही लागलं तर तिथं सांगतील. अंगणवाडी ताईंना किंवा ग्रामसेवकाला विचार, ते फॉर्म भरायला मदत करतील. पैसे कधी उशिरा येतात, फेऱ्या माराव्या लागतात, धीर सोडू नकोस. तुझ्या भीतीचं अर्धं ओझं तरी यानं उतरेल.

या पैशासाठी मुलाला कुणाचेही आभार मानावे लागणार नाहीत, हेही त्याला सांग. हा त्याचा हक्क आहे. १९१९ साली लंडनमध्ये एग्लंटाइन जेब नावाच्या बाईनं पहिल्या महायुद्धातल्या शत्रुराष्ट्रातल्या, ऑस्ट्रियातल्या उपाशी लेकरांची चित्रं असलेली पत्रकं वाटली म्हणून तिला अटक झाली होती. पाच पौंड दंड झाला, आणि ज्या सरकारी वकिलानं तिच्याविरुद्ध खटला चालवला, त्यानंच ती रक्कम तिच्या हातात ठेवली. त्यातून ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही लेकरांसाठी काम करणारी संस्था उभी राहिली. पाच वर्षांतच त्याच बाईनं लिहिलेला मुलांच्या हक्कांचा जाहीरनामा १९२४ मध्ये राष्ट्रसंघानं, म्हणजे देशांच्या तेव्हाच्या जागतिक संघटनेनं, मंजूर केला. लेकरांसाठी पदर पसरणाऱ्या बाईलाच पहिल्यांदा कळलं की दयेवर भागणार नाही, हक्क मागावा लागेल. माझ्या मते दोन्ही लागतात. सरकारकडून हक्कानं घ्यावं, आणि दूरच्या कुणा बाईनं मायेनं दिलं तर तेही मोकळ्या मनानं घ्यावं. दोन्हीत मान खाली घालायचं काही कारण नाही.

राहिलं पत्र.

तुला आभार मानायचे आहेत. पत्रभर ते जाणवतं, गोधडीची गोष्टही त्यातूनच निघाली. मग तूच लिही की! आभार तुझे आहेत, ते पोराच्या हातून कशाला पाठवायचे? आपल्या बोलीत लिही, संस्थेतले लोक भाषांतर करून पाठवतात. ‘तुमच्या मोज्यांची कहाणी सांगते’ इथून सुरू कर. सांग की मोजे मोठे झाले, पण वाया गेले नाहीत. सांग की आमच्याकडे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, रात्रीतून उभं पीक फस्त करतात, म्हणून हरभऱ्याच्या वावरात मचाणावर रात्रभर जागल करावी लागते. पौषाच्या थंडीत टॉर्च धरून बोटं काकडतात, तेव्हा तुमचे मोजे माझ्या भावाच्या हातात असतात. पोरी, त्या बाईला आजवर बावीसातलं एक छापील वाक्य दरवर्षी मिळालं असेल. आपण पाठवलेल्या लोकरीनं कुठल्या तरी वावरातली हरभऱ्याची राखण केली, हे वाचून तिला काय वाटेल, विचार कर.

बरं, तिच्या बाजूनंही बघ. तिनं खोक्यात स्वतःचा फोटो घातला. घालायची काही गरज नव्हती. साबण-पेन्सिली पुरे होत्या. कुणीतरी आपल्याला बघावं, आपण कोण आहोत हे विचारावं, असं तिलाही वाटलं असेल. त्या फोटोची दखल आजवर फळ्यानं घेतली नाही. घेतली ती तुझ्या मुलानं.

म्हणून त्याला एवढंच विचार: ‘आभार राहू दे, ते मी लिहिते. तुला तिला काही विचारायचं आहे का?’ आणि कागद तिथं ठेवून उठून जा. तो म्हणाला नाही, तर नाही. थंडी सरेपर्यंत कागद तिथंच असू दे. कदाचित तो लिहील, कदाचित नुसतं चित्र काढेल. चित्रालाही कमी लेखू नकोस. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफ या मुलांसाठीच्या जागतिक संस्थेची मदत चेकोस्लोव्हाकियातल्या एका गावात पोचली होती. त्या गावच्या सात वर्षांच्या यित्का साम्कोवानं १९४७ मध्ये आभार म्हणून एक चित्र काढून पाठवलं. उंच खांबाभोवती फेर धरून नाचणाऱ्या मुली होत्या त्यात. उपकार, ऋण, गरिबी यांतलं काही नाही, आपल्या गावचा सण तेवढा. युनिसेफला ते एवढं भावलं की १९४९ मध्ये त्यांचं पहिलं शुभेच्छापत्र त्याच चित्राचं निघालं. तुझ्या मुलाच्या पेन्सिलीही त्या खोक्यातूनच आल्या आहेत. त्यांनी त्यानं पोळ्याचा सजवलेला बैल काढला तर त्या बाईला तो बघून केवढा आनंद होईल! एवढी काळजी घे की पत्रात गावाचा पत्ता, फोन नंबर लिहू नये. ओळख जपण्यासाठी संस्थाही तसंच सांगतात आणि ते बरोबर आहे.

डाळ पाठवू नकोस. डाळ, बियाणं, माती, सरकीसकट कापूस अशा वस्तू बऱ्याच देशांत कस्टममध्ये अडवतात. तुझा माल जाईल आणि पैसेही. गोधडीचं म्हणशील तर ती जड असते, परदेशी टपालाचा खर्च काही हजारांत जाईल. तेवढ्यात मुलाचं निम्मं वर्ष निघेल. पण तुझी इच्छा मला मोडवत नाही. तुझ्या जुन्या लुगड्याचा आणि त्याच्या लहानपणच्या सदऱ्याचा तुकडा घे, तळहाताएवढी चौकोनी गोधडी शिव, बारीक धावदोऱ्याची, चारही बाजूंनी काठ लावून. ती पाकिटात मावते, वजन होत नाही. संस्थेला आधी विचार, असं पाठवायला त्यांची हरकत असते का. नसेल तर पत्रासोबत घाल, आणि कुठला तुकडा कशाचा ते खाली लिही.

सरांना भेटून आलीस की कळव. आणि त्यानं लिहिलंच, तर त्या बाईंकडं गुरं आहेत का, बर्फात त्यांना काय खाऊ घालतात, याचं उत्तर आल्यावर मलाही दोन ओळी टाक. फोटोबद्दल वाचल्यापासून मीही तोच विचार करते आहे.

तुझी,
मावशी